स्पार्क प्लगच्या खड्ड्यात ऑइल साचतंय? टॅपेट कव्हरचं पॅकिंग घरीच बदला

गाडी सकाळी मिसिंग करते, सिग्नलला उभी राहिली की थरथरते, चेक इंजिनचा दिवा लागलाय, स्कॅनर लावला तर पी०३०१ ते पी०३०४ मधला एखादा कोड (म्हणजे त्या नंबरच्या सिलेंडरचं मिसिंग) येतो आणि कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीचा करंट देणारा भाग, वर ओढून बघितली तर तिचा रबरी बूट ऑइलने माखलेला. अशा वेळी बरेच जण नुसते प्लग नाहीतर कॉइल नवीन टाकतात, थोडे दिवस गाडी मस्त पळते आणि परत तेच सुरू. कारण बिघाड प्लगमध्ये नसतोच, ऑइल वरून येत असतं.

आजकालच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत प्लग हेडच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाच्या, मधोमध एका खोल नळीच्या तळाशी बसतो, हाच तो खड्डा. त्या नळीच्या बाहेर कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) फिरत असतात आणि सगळीकडे ऑइल उडत असतं, ते आत येऊ नये म्हणून नळी आणि टॅपेट कव्हर, म्हणजे हेडवरचं झाकण, यांच्या मध्ये एक रबरी रिंग असते, बस्स, एवढंच. इंजिनच्या उष्णतेने ती रिंग कडक होते, दबून चपटी होते आणि मग ऑइल थेंबथेंब आत उतरतं.

पण आधी ऑइल नक्की कुठलं आहे ते बघा, मात्र त्यासाठी प्लग काढण्याआधी खड्डा खाली सांगितलाय तसा साफ करा. प्लगचा वरचा पांढरा भाग आणि आटे ओले पण खालचं टोक कोरडं, तपकिरी असेल तर ते वरून आलेलं, म्हणजे हे काम तुमच्यासाठीच आहे. टोकच काळं नि ओलं आहे आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येतोय, तर व्हॉल्व्ह सील किंवा पिस्टन रिंगचं दुखणं आहे, त्याला पॅकिंग (कव्हरखालचं रबर) बदलून काही फरक पडणार नाही. आणि पावसाळ्यात किंवा बोनेट उघडून पाणी मारल्यावर खड्ड्यात नुसतं पाणीही साचतं, ते वेगळं.

सामान घेताना दुकानदाराला मॉडेल, वर्ष आणि चेसिस नंबर सांगा, पुण्यात असाल तर नाना पेठेत बहुतेक गाड्यांचं मिळून जातं. पॅकिंगच्या सेटमध्ये प्लगच्या नळीच्या रिंगा आहेत का ते तिथेच उघडून बघा, खूप गाड्यांत त्या वेगळ्या घ्याव्या लागतात आणि लोक नेमक्या त्याच विसरतात. काही इंजिनांत सील कव्हरमध्येच पक्के बसवलेले असतात, तिथे अख्खं कव्हर बदलावं लागतं. रिंगांसाठी पैसे वाचवू नका, कंपनीचंच घ्या, कारण मेहनत सगळी कव्हर उघडण्यात आहे.

आता काम. इंजिन पूर्ण थंड पाहिजे, शक्यतो रात्रभर उभी असलेली गाडी घ्या. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, कॉइलचे सॉकेट सोडवा आणि कॉइल काढताना प्रत्येकीवर नंबर टाका. प्लगला अजून हात लावू नका. हे मी परत परत सांगतो कारण इथेच नुकसान होतं, खड्डा भरलेला असताना प्लग सोडला की सगळं ऑइल आणि कचरा सरळ सिलेंडरमध्ये. सिरिंजला सलाईनची नळी जोडून ऑइल ओढून घ्या, मग स्क्रूड्रायव्हरला फडकं गुंडाळून पुसा, थोडा ब्रेक क्लीनर मारा, परत पुसा आणि पूर्ण वाळू द्या. ब्रेक क्लीनर पेट घेतो, तेव्हा उघड्यावर काम करा आणि आसपास विडी-सिगारेट नको.

मग कव्हरवरचे पाईप, वायरी बाजूला करून बोल्ट सोडवा, बहुतेक वेळा १० नंबरची गोटी (सॉकेट पाना) लागते. बाहेरून आत असं थोडं थोडं ढिलं करत जायचं. कव्हर चिकटलेलं असेल तर रबरी हातोडीने कडेला हलकेच ठोका, स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, अ‍ॅल्युमिनियमवर चर पडली की तिथून जन्मभर गळत राहील. जुनी रिंग काढून नख दाबून बघा, नवीनवर खळगा पडतो, जुनीवर काही उमटत नाही, वाकवली तर पापडासारखी मोडते. तिचे तुकडे आत कॅमशाफ्टवर पडू देऊ नका.

कव्हरची खाच आणि हेडची कड दोन्ही स्वच्छ आणि कोरडी करा, प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. नवीन पॅकिंग खाचेत नीट बसवा. सिलिकॉन सगळीकडे फासायची जी सवय असते ना, ती इथे अजिबात नको, जादा सिलिकॉन आत सुटून ऑइलच्या वाटा बुजवतं. टायमिंग चेनचं कव्हर हेडला भिडतं त्या कोपऱ्यांवर मात्र थेंबभर लागतं, आणि इंजिन चालू करण्याआधी ते ट्यूबवर लिहिलाय तेवढा वेळ सुकू द्यायचं.

कव्हर सरळ वरून खाली ठेवा, रिंगा दुमडल्या नाहीत हे बघा, मग मधून बाहेर असे बोल्ट दोन-तीन फेऱ्यांत आवळा. यांना फार जोर नको, बऱ्याच गाड्यांत ८ ते १० न्यूटन मीटरच असतो, पण तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा पाळा, जास्त आवळलं तर प्लास्टिकचं कव्हर तडकतं.

आता प्लग. काढून परत किंवा नवीन बसवताना तो हातानेच आट्यात घ्या, अडला तर सोडून परत सुरू करा. टॉर्क पाना नसेल तर १४ एमएमचा वॉशरवाला नवीन प्लग हाताने टेकल्यावर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, जुनाच असेल तर फेऱ्याचा फक्त बारावा भाग. कॉइलचा बूट ऑइलने फुगून मऊ पडला असेल तर तोही बदला, नाहीतर ठिणगी बाजूलाच उडते.

हे सगळं करून महिन्याभरात परत ओलं दिसलं तर पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनच्या आतला दाब बाहेर सोडणारा) काढून हलवून बघा, बहुतेक व्हॉल्व्ह आतून खुळखुळ वाजतात. आवाज नाही आला तर तो चोंदलाय, इंजिनमधला दाब बाहेर जात नाही आणि नवीन पॅकिंगमधूनही ऑइल ढकलतो. गाडी चालू केल्यावर कव्हरच्या मागच्या बाजूला टॉर्च मारून बघा, तिथून गळलेलं ऑइल गरम एक्झॉस्टवर पडलं तर आग लागू शकते, तेव्हा जळका वास आला की इंजिन लगेच बंद करा.