जागतिक अर्थव्यवस्था समजून घ्यायचीय? घरातल्या तेलपुड्यापासून सुरुवात करा

२०२४ च्या दिवाळीत आमच्या घरी एकाच ताटावर दोन तक्रारी ऐकल्या. आई म्हणाली तेलपुडा केवढा महाग झालाय, चकल्या तळायच्या का नाही, आणि लगेच काका म्हणाले सोयाबीनला भावच नाही, हमीभाव क्विंटलला ४,८९२ आणि मोंढ्यात त्याच्या कितीतरी खाली मागतायत. आता सोयाबीनचं तर तेल होतं, मग तेल महाग आणि सोयाबीन स्वस्त हे एकाच वेळी कसं काय? मला तेव्हा उत्तर देता आलं नाही आणि त्याचं वाईट वाटलं, कारण दोघांचाही घरखर्च त्यावर होता. नंतर ते शोधत गेलो आणि ग्लोबलायझेशन म्हणजे काय ते खरं तिथे कळलं. ज्यांना हा विषय अवघड वाटतो त्यांच्यासाठी मी गेलो तोच रस्ता सांगतो.

आधी एकच वस्तू धरा

जीडीपी, चालू खाते, वित्तीय तूट असल्या शब्दांपासून सुरू करू नका, दोन पानांत कंटाळा येतो. घरात रोज लागणारी एकच वस्तू घ्या. मी तेल घेतो कारण आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. पामतेल मुख्यतः इंडोनेशिया-मलेशियातून, सोयातेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून, सूर्यफूल रशिया-युक्रेनकडून. पुड्यावर कंपनीचं नाव देशी असतं, पत्ता जवळच्या एमआयडीसीचा असतो, पण आतलं तेल टँकर जहाजातून महासागर ओलांडून आलेलं असू शकतं. आज किचनमध्ये जाऊन पुड्याची मागची बाजू वाचा, कुठलं तेल आहे ते बघा.

मग किंमत सोडवा, कागद-पेन घेऊन

ही पायरी टाळू नका, कारण अर्ध्याहून जास्त समज इथेच येते. सोपे आकडे घेऊ. समजा बाहेर कच्चं, म्हणजे रिफाइन न केलेलं खाद्यतेल १,००० डॉलर टन आहे आणि डॉलर ८० रुपयांना आहे, म्हणजे किलोला ८० रुपये. आता तेलाचा भाव तसाच राहिला पण डॉलर ८५ झाला तर किलो ८५ ला पडलं, म्हणजे मलेशियात काहीच घडलं नाही तरी आपल्याकडे तेल महागलं. आता सरकारी ड्युटी, म्हणजे आयातीवरचा कर लावा. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या पाम, सोया आणि सूर्यफूल तेलावरची एकूण आयात ड्युटी ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्के केली. ८० रुपयांचं तेल आधी ८४.४० ला पडत होतं ते १०२ ला पडायला लागलं. त्यावर जहाजभाडं, रिफायनरी, पॅकिंग, दुकानदार. आईची तक्रार इथे सुटली.

ड्युटी का वाढवली? सोयाबीनवाल्या शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून, बाहेरचं स्वस्त तेल येत राहिलं तर इथलं कोण घेणार. पुढे मे २०२५ च्या शेवटी हीच ड्युटी १६.५ टक्क्यांवर आणली, कारण तेलाची महागाई. म्हणजे एकाच आकड्याला एकीकडून मोंढा ओढतो आणि दुसरीकडून किचन. म्हणून कुठलीही आर्थिक बातमी वाचली की पहिला प्रश्न हाच विचारा, हे कोणासाठी चांगलं आणि कोणासाठी वाईट. "देशाला फायदा" एवढ्यावर थांबू नका.

आता एखादा धक्का शोधा आणि तो कुठे कुठे पोचला ते बघा

२४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला. काळ्या समुद्रातली बंदरं अडकली, सूर्यफूल तेल येईना. मग सगळे जण पाम आणि सोयाकडे वळले, त्यांचे भाव चढले. इंडोनेशियात लोकांना स्वतःलाच तेल परवडेना म्हणून त्यांच्या सरकारने २८ एप्रिलपासून पामतेलाची निर्यात बंद केली, पण मग त्यांचेच पामवाले शेतकरी अडचणीत आले, टाक्या भरल्या, आणि २३ मेला बंदी उठवावी लागली. आपल्या कांदा उत्पादकांना हे वेगळं सांगायला नको. डिसेंबर २०२३ मध्ये आपण कांद्याची निर्यात बंद केली तेव्हा लासलगावात जे झालं ते आणि इंडोनेशियात झालं ते एकाच जातीचं दुखणं आहे.

काकांचा प्रश्न, यात मी सगळ्यात जास्त अडकलो

तेल महाग झालं तरी सोयाबीन का नाही वाढलं? कारण सोयाबीनमध्ये तेल असतं साधारण १८ ते २० टक्केच, बाकी बहुतेक पेंड, म्हणजे तेल काढल्यावर उरणारा भाग. मिलवाला सोयाबीन घेताना पेंड कितीला विकली जाईल हे आधी बघतो. पेंड जाते कोंबड्यांच्या खाद्यात नाहीतर परदेशात. त्या वर्षी इथेनॉल कारखान्यातून निघणारा मक्याचा, तांदळाचा चोथा खाद्यासाठी स्वस्तात मिळायला लागला, पेंडीची गरज कमी झाली. आणि परदेशात? शिकागोच्या वायदे बाजारात (पुढच्या तारखेच्या मालाचा भाव आजच ठरतो तो बाजार) सोयाबीन बुशेलला १० डॉलरच्या आसपास होतं. एक बुशेल म्हणजे सुमारे २७.२ किलो, हिशोब केला तर क्विंटलला साधारण ३,१०० रुपये. ब्राझीलमध्ये एकरी उतारा आपल्या जवळजवळ तिप्पट, त्यामुळे त्यांना तो भाव झेपतो. आपला शेतकरी चार-साडेचार हजारातही तोट्यात, आणि त्याच भावात बाहेरच्या गिऱ्हाईकाला आपली पेंड महाग. लातूरच्या मोंढ्यातला भाव शिकागो आणि ब्राझीलला असा बांधलेला आहे. हे कळलं त्या दिवशी मी काकांना फोन करून समजावलं, ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले मग पेरायचं काय ते पण सांग. ते मला आजही सांगता येत नाही.

आणखी एक उदाहरण हवं असेल तर २०१८ घ्या. अमेरिकेने चिनी मालावर टॅरिफ, म्हणजे आयात कर लावला, चीनने जुलैमध्ये अमेरिकन सोयाबीनवर २५ टक्के लावून उत्तर दिलं, आणि चीनची खरेदी ब्राझीलकडे वळली. जगात जेवढं सोयाबीन विकलं जातं त्यातलं निम्म्याहून जास्त एकटा चीन घेतो, त्यामुळे भांडण दोघांचं पण फायदा तिसऱ्याचा झाला.

इतिहास थोडाच, पण हवा

तीन तारखा पुरतात. १९५६ मध्ये अमेरिकेत माल्कम मॅकलीन या वाहतूक व्यावसायिकाने ५८ कंटेनर जहाजावर चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला पाठवले, तिथून माल चढवणं-उतरवणं प्रचंड स्वस्त होत गेलं, न्हावाशेवा बंदरात दिसणारे डोंगराएवढे ढीग त्याचेच. (तेल मात्र टँकरमधून येतं.) १९९१ मध्ये आपल्याकडे दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतेच डॉलर उरले, सोनं गहाण ठेवावं लागलं, रुपयाचं अवमूल्यन झालं आणि २४ जुलैच्या बजेटपासून दारं उघडत गेली. १ जानेवारी १९९५ ला डब्ल्यूटीओ (जागतिक व्यापार संघटना) सुरू झाली, तिथे प्रत्येक देशाने ड्युटीची कमाल मर्यादा लिहून दिलीय. आपण पामतेलावर ३०० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो पण सोयातेलावर ४५ च्या वर नाही, म्हणजे शेतकऱ्यासाठी कितीही ड्युटी वाढवा म्हटलं तरी सोयातेलाला ती भिंत आहे.

शेवटी वही करा

दर रविवारी पाच आकडे लिहा: डॉलरचा भाव, मलेशियातला पामतेलाचा भाव, शिकागोचं सोयाबीन, आपल्या मोंढ्यातलं सोयाबीन, आणि दुकानातला तेलपुडा. पुड्याचं वजनही लिहा, कारण एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं पण कमी वजनाचे पुडेही विकले जातात. ड्युटी बदलली की लाल पेनाने तारीख टाका. महिनाभर काहीच कळणार नाही. पण कधीतरी डॉलर हलेल आणि काही आठवड्यांनी पुडा हलेल, तेव्हा ते दोन आकडे बाणाने जोडा आणि मध्ये किती दिवस गेले ते बाजूला लिहून ठेवा.