फूटपाथवरच्या खुणा करायला शिकवणारा सराव: बांधायला घेण्याआधीची यादी

साताऱ्यातल्या फूटपाथवरून व्हीलचेअर आणि पांढरी काठी जाते का, हे आपली मुलं मोबाइलवर फोटोंवर खुणा करून नोंदवतात. त्या खुणा करायला शिकवणारा मोबाइलवरचा सराव बांधायचा आहे, त्याची ही यादी. आधी फोटो, मग स्क्रीन. हा क्रम उलटा झाला की बटणांच्या रंगावर वाद घालण्यात वेळ जातो आणि फोटो शेवटच्या रात्री ग्रुपवर मिळतील ते चिकटवले जातात. ग्रुपवरचे फोटो तर नकोतच. ते दाबून आलेले असतात, झूम केलं की फूटपाथची कड आणि गटारीची कड एकच दिसते. मूळ फाइल मागून घ्या. रस्त्यांचे फोटो दाखवणारं गूगलचं स्ट्रीट व्ह्यू २०२२ मध्ये भारतात दहा शहरांपासून सुरू झालं, त्या दहांत सातारा नव्हतं. आपल्या बोळांसाठी त्याच्या भरवशावर बसू नका. मोबाइल घ्या, चालायला लागा.

फोटो काढताना मोबाइल छातीशी नाही, कमरेच्या थोडा वर धरायचा. व्हीलचेअरवर बसलेल्या माणसाची नजर साधारण तिथे असते. उभ्याने वरून काढलेल्या फोटोत कडेची उंची सपाट होऊन जाते आणि सहा इंचांचा टप्पा दोन इंचांचा वाटतो. चौकात चारही कोपरे घ्या. मोती चौकासारख्या जागेचे सकाळी दुकानं उघडायच्या आधीचे आणि संध्याकाळच्या गर्दीतले, दोन्ही घ्या, कारण सकाळी जो फूटपाथ असतो तो संध्याकाळी असतोच असं नाही. पावसात नको, डबक्याखाली काय आहे ते कुणालाच सांगता येत नाही. चेहरे आणि गाड्यांचे नंबर पुसून घ्या. यावर अजून लिहायची गरज नसावी.

मग खुणांचे प्रकार ठरवा, आणि कमी ठेवा. अमेरिकेतल्या ‘प्रोजेक्ट साइडवॉक’ने याच कामाची वाट पाडून ठेवली आहे. तिथे लोक स्ट्रीट व्ह्यूच्या फोटोंवर खुणा करतात. मुख्य प्रकार असे: रॅम्प (फूटपाथवरून रस्त्यावर उतरायचा उतार) आहे, रॅम्प नाही, अडथळा, पृष्ठभाग खराब, फूटपाथच नाही, शिवाय झेब्रा आणि पादचारी सिग्नल. वॉशिंग्टन डीसीत दीड वर्षात ७९७ जणांनी घरबसल्या २,०५,३८५ खुणा केल्या आणि २,९४१ मैल रस्ते तपासले. आकडे बघून हुरळून जाऊ नका. त्यांच्याकडेही लोक ठरावीक ठिकाणी चुकत होतेच. त्यातली एक चूक आपल्याकडे दुप्पट होणार आहे, तिच्याकडे येतोच.

साताऱ्यासाठी ‘फूटपाथच नाही’ हा प्रकार जपून वापरायला शिकवा. पेठांतल्या बोळांत प्रत्येक फोटोवर ही खूण पडली तर नकाशा एकाच रंगाचा होईल आणि कामाच्या खुणा त्यात बुडतील. बोळाच्या तोंडाशी एकदा करा, पुढे नको. हा नियम सरावातच सांगायचा, नंतर सूचना पाठवून नाही. नंतरच्या सूचना कोणी वाचत नाही.

उताराचंही आधीच ठरवा. हे गाव अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी आहे. राजवाड्याकडून पोवई नाक्याकडे येताना रस्ताच उतरतो. रस्त्याचा उतार म्हणजे रॅम्प नव्हे. नव्या मुलाला हे सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि सांगितलं तरी फोटोत मोबाइल जरा तिरका असला की सपाट रस्ताही उताराचा दिसतो. रस्त्याच्या चढ-उताराला सरावात हातच लावू नका. तो फोटोवरून मोजायचाच नाही.

आता ज्यासाठी ही यादी लिहायला घेतली ते. सरावात असे फोटो हवेत ज्यांत खूण करण्यासारखं काहीही नाही. मागच्या वेळी हे राहिलं. आमच्या सरावातल्या प्रत्येक फोटोत काहीतरी होतंच: इथे रॅम्प शोधा, इथे अडथळा शोधा, शाबास, पुढे. मुलं त्यातून एकच गोष्ट शिकली, फोटो आला की बोट टेकवायचं. खऱ्या फोटोंवर गेल्यावर चांगल्या फूटपाथवरही खुणा पडल्या. झाडाची सावली म्हणजे खड्डा, पाणी मारून ओली झालेली फरशी म्हणजे खराब पृष्ठभाग, दुकानाच्या पायरीवर बसलेला माणूस म्हणजे अडथळा. मुलांचा दोष नाही. प्रत्येक प्रश्नाला उत्तर असतंच असं शिकवलं की प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलं जातं.

तेव्हा ‘काहीच नाही’चा फोटो घाला. शेवटी नको, तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर घाला, कारण शेवटपर्यंत सवय लागून गेलेली असते. पुन्हा एकदा मध्ये घाला. आणि एकदा सलग दोन घाला, कारण एक रिकामा आला की पुढचा नक्की भरलेला असणार असा हिशेब मुलं मनात मांडतात. त्या फोटोवर ‘इथे काही नाही, पुढे’ असं बटण हवं, आणि ते बाकीच्या बटणांएवढंच मोठं आणि तितकंच ठळक. एक खूण केल्याशिवाय ‘पुढे’ बटण चालूच होत नसेल, तर तुम्ही घातलेला रिकामा फोटो फुकट गेला. हे प्रोग्रामिंग करणाऱ्याला तोंडी सांगून भागत नाही, लिहून द्या आणि स्वतः दाबून बघा. बरोबर बटण दाबल्यावर तितकंच कौतुक करा जितकं रॅम्प शोधल्यावर करता. नुसतं पुढच्या फोटोवर ढकललं तर आपण काही चुकवलं असंच वाटतं.

‘नाही’चे आणखी दोन प्रकार आहेत आणि तेही हवेत.

पहिला, दिसतो तसा आहे पण तो नाही. दुकानासमोर किंवा बंगल्याच्या फाटकाशी स्कूटर चढवायला सिमेंटचा उतार घातलेला असतो. प्रोजेक्ट साइडवॉकमध्येही घरात गाडी घ्यायचा उतार फूटपाथचा रॅम्प म्हणून नोंदवला जायचा, तीच ही चूक. आपल्याकडे तर असा उतार दर चार पावलांवर आहे. फरक कसा दाखवायचा? दोन फोटो शेजारी ठेवा. फूटपाथचा रॅम्प माणसाला रस्ता ओलांडायला उतरवतो, चौकात किंवा झेब्रासमोर असतो. गाडीचा उतार दाराकडे जातो, आणि बरेचदा उलट फूटपाथच मोडून जातो. हिशेबही एकदा करून दाखवा: १५० मिलिमीटर उंचीच्या कडेला १:१२ चा उतार (बारा फूट पुढे जाताना एक फूट चढ) द्यायचा तर रॅम्प १.८ मीटर लांब लागतो, म्हणजे जवळपास सहा फूट. दुकानापुढचा उतार दोन फुटांत तेवढंच चढतो, १:४. स्कूटर रेस देऊन चढते. व्हीलचेअरवरचा माणूस एकटा चढू शकत नाही, उतरताना पुढे तोंडावर जाईल. हा आकडा ऐकला की मुलांची नजर बदलते, फोटो बघताना ती लांबी बघायला लागतात.

दुसरा, दिसतच नाही. कोपऱ्यावर रिक्षा उभी आहे, तिच्यामागे रॅम्प असेल किंवा नसेल. इथे ‘रॅम्प नाही’ ही खूण साफ चूक आहे. ‘दिसत नाही’ असं वेगळं बटण द्या. नसणं आणि न दिसणं यांची गल्लत झाली की नगरपालिकेकडे यादी घेऊन गेल्यावर पहिल्याच जागी साहेब म्हणणार, अहो तिथे रॅम्प आहे की. मग उरलेली यादी कोणी उघडतही नाही.

म्हणजे ‘नाही’चे फोटो तीन तऱ्हांचे: रिकामा, फसवा, झाकलेला. सरावातले निम्मे फोटो या तिघांचे असले तरी चालेल. जास्त वाटतात? ठेवा तरीही.

अडथळे त्या मानाने सोपे. विजेचा खांब, डीपी, फ्लेक्सची चौकट, टपरी, फूटपाथच्या मधोमध लावलेलं झाड. हातगाडीबद्दल वाद होतो, म्हणून आधी ठरवा: रोज त्याच जागी असेल तर खूण, चालती असेल तर नाही. फोटोवरून कळत नसेल तर तात्पुरता अडथळा असं लिहायची सोय ठेवा. पार्क केलेल्या दुचाकी तात्पुरत्याच, जरी कायम असल्या तरी.

पृष्ठभागात एकच गोष्ट नीट शिकवा, गटारीवरचे ढापे. आपल्याकडे बराचसा फूटपाथ म्हणजे गटारीवर टाकलेले सिमेंटचे ढापेच. एक ढापा तुटलेला, एकाची कड वर आलेली, दोघांच्या मध्ये फट. फोटोत फट बारीक काळ्या रेघेसारखी दिसते आणि कोणी तिच्याकडे बघत नाही. व्हीलचेअरचं पुढचं चाक छोटं असतं, ते बरोबर त्या फटीत बसतं, पांढऱ्या काठीचं टोकही. एका ढाप्याचा अगदी जवळून काढलेला फोटो आणि तोच ढापा दहा पावलांवरून, असे दोन लागोपाठ द्या. आधी लांबचा, मग जवळचा. उलट दिले तर मजा जाते.

त्रास किती, यासाठी तीनच पायऱ्या: जाता येतं, मदतीने जाता येतं, जाता येत नाही. एक ते पाच आकडे देऊ नका, तीन आणि चारमध्ये प्रत्येकाचं वेगळं. पण कोणाला जाता येतं, हेही सांगावं लागेल. रस्ता आणि फूटपाथ एकाच पातळीत असले तर चाकाला सोपं, पण ज्याला दिसत नाही त्याच्या काठीला फूटपाथ संपला कुठे आणि गाड्यांचा रस्ता सुरू कुठे हे कळत नाही. त्यासाठीच उठावाच्या ठिपक्यांच्या टाइल्स असतात. जपानमध्ये सेइची मियाके यांनी त्या तयार केल्या, १९६७ मध्ये ओकायामात पहिल्यांदा बसवल्या गेल्या. ठिपके म्हणजे थांब, लांब रेघा म्हणजे चल. आपल्याकडे या पिवळ्या टाइल्स कधीकधी शोभेच्या असल्यासारख्या बसवतात, रेघा थेट खांबाला जाऊन भिडतात. असा फोटो मिळाला तर सोडू नका. एकाच जागेवर दोन खुणा पडू शकतात, टाइल आहे आणि अडथळाही आहे, हे शिकवायला याहून चांगला नमुना मिळणार नाही.

पहिल्या स्क्रीनवर भाषण नको. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा, २०१५ चं सुगम्य भारत अभियान, सगळं महत्त्वाचं आहे, पण मुलं तिथे आलेली असतात काहीतरी दाबून बघायला. पहिल्या स्क्रीनवरच एक फोटो आणि एक काम द्या. एका स्क्रीनवर एकच नवी गोष्ट: आधी बटण निवडणं, मग फोटोवर टेकवणं, मग झूम, मग त्रास किती. सूचना एका ओळीत, आपण बोलतो तशा.

चुकीच्या जागी टेकवलं तर लाल फुली दाखवून मोकळे होऊ नका. का चूक ते एका वाक्यात सांगा: ‘हा दुकानाचा उतार आहे, चौकाचा कोपरा डावीकडे आहे.’ केलेली खूण लगेच पुसू नका, ती समोर असताना कारण वाचलं तर लक्षात राहतं. दोनदा चुकल्यावर उत्तर दाखवा, अडकवून ठेवू नका. बोट जाड असतं, त्यामुळे बरोबर जागेभोवतीचं वर्तुळ मोठं ठेवा. संगणकावर माउसने तपासून खूश होऊ नका, मुलं सगळं मोबाइलवरच करणार.

आणि पुन्हा सांगतो, रिकाम्या फोटोवर कुठेही टेकवलं तर काय संदेश येतो ते तपासा. बहुतेक वेळा तो संदेश लिहायचाच राहतो आणि तिथे ‘पुन्हा प्रयत्न करा’ येतं. ‘पुन्हा प्रयत्न करा’ वाचून माणूस दुसरीकडे टेकवतो. म्हणजे पुन्हा तेच.

चालवून बघायला गटाबाहेरचा माणूस हवा, गटातला प्रत्येक जण उत्तरं जाणतो. मागे बसा, तोंड बंद. तो विचारेल, ‘इथे काय करू?’ उत्तर देऊ नका, ती स्क्रीन कागदावर लिहून घ्या. व्हीलचेअर वापरणाऱ्या एखाद्याला शेवटी ‘दाखवायला’ नको, खुणांचे प्रकार ठरवतानाच बोलवा, आणि चहापुरतं नाही. ज्या खोलीत बसणार ती तळमजल्यावर आहे ना तेवढं बघा.

बाकी भराभर. सराव पाच-सात मिनिटांत संपला पाहिजे. किती उरलं ते वर दिसू द्या. मध्येच सोडला तर तिथूनच सुरू व्हावा. फोटो हलके करा, नेट सगळीकडे सारखं नसतं, पण झूम होईल इतके स्पष्ट ठेवा. रंगांवर भिस्त नको, लाल-हिरवा न कळणारे असतात, चिन्हही द्या. अक्षर मोठं. मुलांनी एकमेकांच्या खुणा तपासायच्या, ‘बरोबर, चूक, सांगता येत नाही’ एवढंच. सरावातले फोटो खऱ्या कामात येऊ देऊ नका. आणि सरावात काही बदललं की त्याला नवा क्रमांक द्या आणि तो प्रत्येक खुणेसोबत साठवा, नाहीतर कुठल्या खुणा जुना सराव केलेल्यांच्या आणि कुठल्या नव्या, हे नंतर कोणालाच शोधता येत नाही आणि सगळंच पुन्हा तपासावं लागतं.