बस्ट हाफ जमवताय? निदान या चुका तरी टाळा

१८०७ ते १८३६ या काळातले अमेरिकी अर्धे डॉलर, म्हणजे कॅप्ड बस्ट हाफ, नुसते वर्षाप्रमाणे जमवणं फारसं अवघड नाही. १८०४ नंतर तीसेक वर्षं फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने चांदीचा डॉलर पाडलाच नाही. बँकांच्या तिजोऱ्यांत हेच अर्धे डॉलर पडून राहायचे, त्यामुळे चांगल्या स्थितीतली नाणी आजही भरपूर मिळतात. खरा कस लागतो तो डायनुसार, म्हणजे नाणं ठोकायच्या साच्यानुसार, जमवताना. तेव्हा पुढचं लिबर्टीचं (स्वातंत्र्यदेवीचं) डोकं आणि मागचा गरुड तेवढे तयार ठशातून डायवर उतरत. तारे, आकडे आणि अक्षरं मात्र एकेक करून हाताने ठोकत. त्यामुळे कुठल्याच दोन डाय हुबेहूब सारख्या नाहीत. पुढची आणि मागची डाय मिळून एक जोडी, आणि अशा साडेचारशेहून जास्त जोड्यांना या नाण्यांची यादी करणाऱ्या ओव्हर्टनचे नंबर आहेत.

नवशिके घाई करतात ती या नंबरांचीच. नुसती पुढची बाजू पाहिली, चार तारे जुळले की झाला नंबर नक्की! पण दोन्ही डाय एकाच वेळी निकामी होत नसत. मागची तडकली की नवी मागची बसवायची, पुढची तीच चालू. म्हणजे एकच चेहरा दोन-तीन वेगवेगळ्या पाठींबरोबर सापडतो, आणि त्यातली एक जोडी दुर्मीळ, बाकीच्या साध्या.

बाल्टिमोरच्या एका प्रदर्शनात एक मराठी मुलगा भेटला. हातात १८२७चं नाणं. त्या एका वर्षाच्याच जवळजवळ पन्नास जोड्या आहेत. पाकिटावर विक्रेत्याने आर-५ ही दुर्मीळतेची श्रेणी लिहिलेली, म्हणजे ३१ ते ७५ नगच ज्ञात. किंमतही त्याच हिशेबाने मोजलेली. मी नाणं उलटं केलं. गरुडाच्या वरच्या पट्टीवरच्या 'प्लुरिबस'मधला आय कडेच्या 'युनायटेड'मधल्या टीच्या खाली नेमका कुठे येतो, तिथेच गाडं अडलं. पुढची डाय बरोबर होती, पण जोडी साधी. मागची बाजू पाहिली नव्हतीस का, म्हणून विचारलं, तर म्हणाला, "काका, गरुड सगळ्यांचा सारखाच असतो ना?" गरुड सारखाच असतो रे बाबा, अक्षरं नसतात! विक्रेत्याने नाणं परत घेतलं नाही.

मी सुरुवातच मागच्या बाजूने करतो. आधी आय आणि टी, मग खालच्या '५० सी.'ची (पन्नास सेंटची) जागा, मग पुढचे तारे आणि तारीख. प्रत्येक बाजूच्या किमान दोन खुणा पटल्याशिवाय पाकिटावर पेन्सिलसुद्धा टेकवत नाही. भिंग दहापटीचं पुरे. जास्त ताकदीचं घेतलं की धुळीचा कणही डायची खूण वाटायला लागतो. तिरप्या फोटोवरून अक्षरांतलं अंतर ठरवणाऱ्यांशी मी बोलतच नाही.

दुसरी आवडती चूक म्हणजे १८१७. आधीच्या वर्षांच्या (१८१३, १८१४) डायवरच्या शेवटच्या आकड्यावर सात ठोकलेली दोन प्रकारची नाणी या साली आहेत. तीनवर सात सहज मिळतं. चारवर सात मात्र जगात डझनभराच्या आसपासच ज्ञात. त्यामुळे तीनवर सात हाती आलेल्या प्रत्येकाला त्यात चार दिसतो. सातच्या मागे गोलाई डोकावत असेल तर तो तीनच आहे, कितीही वेळ दिव्याखाली धरा.

नाण्यावर डायचा तडा दिसला म्हणजे नवी व्हरायटी, म्हणजे नवी जोडी, सापडली, असं नाही. डाय वापरता वापरता तडकते, मध्ये चकती नसताना दोन डाय एकमेकींवर आपटल्या तर एकीचे वण दुसरीवर उमटतात. ही त्याच जोडीची पुढची अवस्था. खात्री करायला तडा फार कामाचा, नवा नंबर मागायला नाही.

लिबर्टीच्या खांद्यावरची पिन किंवा मागच्या पट्टीवरची अक्षरं पुसट असली की लगेच 'झिजलंय' म्हणू नका. बऱ्याचदा ठोकाच कमी बसलेला असतो.

कडेवरची अक्षरं पुढच्या बाजूशी कशी जुळतात, त्याला काही अर्थ नाही. ती वेगळ्या यंत्रावर आधीच उमटवत.

नाणं घासू नका. देवाची भांडी दिवाळीला उजळता ती पावडर नाण्यापासून लांब ठेवा. काळवंडलेलं नाणं विकता येतं, घासलेल्याला निम्मी किंमतही मिळत नाही. मऊ प्लास्टिकच्या पाकिटाचा हिरवा चिकटा आला असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवा, चोळू नका.

आणि वजन करा. बस्ट हाफ १३.४८ ग्रॅमचा. वापराने थोडं घटतं, एवढंच. त्या काळातही जर्मन सिल्व्हरची खोटी नाणी सर्रास चालायची, आणि आज चीनमधून येणारी वेगळीच. मी खिशात छोटा वजनकाटा ठेवतो. काटा बारा ग्रॅमच्या आसपास थांबला की नाणं टेबलावर परत ठेवून पुढच्या टेबलाकडे वळतो. विक्रेत्याशी वाद घालत बसत नाही.