गाभण शेळ्या नव्या गोठ्यात हलवताना

शेळीचा गाभणकाळ साधारणपणे 150 दिवसांचा असतो. त्यातला पहिला दीड महिना आणि शेवटचा महिना प्रवासासाठी टाळावा, कारण सुरुवातीला गर्भ पुरता रुजलेला नसतो आणि अखेरीस धक्का किंवा उपास शेळीला सोसत नाही. म्हणून गाडी ठरवण्याआधी प्रत्येक शेळीची भरवल्याची, म्हणजे बोकड लावल्याची, तारीख पाहावी. तारीख ठाऊक नसेल आणि कास भरू लागली असेल, तर ती शेळी जुन्या जागीच विऊ द्यावी. सोलापूर जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो. त्या दिवसांत निघणे भागच असेल, तर पहाटे निघून ऊन चढण्यापूर्वी पोहोचावे.

पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग) आणि आंत्रविषार (आतड्यातील जिवाणूंच्या विषाने होणारा रोग) यांच्या लसी राहिल्या असतील, तर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने निघण्यापूर्वी दोन-तीन आठवडे आधी टोचून घ्याव्यात. जंतनाशक मात्र स्वतःच्या मनाने पाजू नये. अल्बेंडाझोल गाभणकाळाच्या सुरुवातीला गर्भास अपाय करते. वाहतुकीसाठीचा आरोग्य दाखलाही त्याच वेळी मागून ठेवावा.

प्रवासापेक्षा गाडीत चढवणे-उतरवणे अधिक जोखमीचे असते, असे माझे मत आहे. दोन माणसांनी पोटाखाली हात घालून शेळी उचलून हौद्यात टाकणे ही आपल्याकडची सर्रास रीत गाभण शेळीच्या बाबतीत कटाक्षाने टाळावी. पिकअपची मागची बाजू शेताच्या बांधाला टेकवावी, मधल्या फटीवर रुंद फळी टाकून तिच्यावर गोणपाट ठोकावे आणि म्होरकी शेळी मूठभर मका दाखवून आधी चढवावी. बाकीच्या बहुधा तिच्यामागे आपणहून चढतात. हौद्यात भुशाचा जाड थर द्यावा. बोकड आणि मारकुट्या शेळ्या वेगळ्या ठेवाव्यात, पाय बांधू नयेत. वर ताडपत्री असावी, पण बाजूंनी वारा खेळता राहावा.

नव्या घरी पहिला आठवडा चाऱ्याचा. सांगोल्याकडच्या कोरड्या चाऱ्यावर वाढलेल्या शेळ्या बागायती गावात आणून त्यांना लगेच पोटभर लसूणघास टाकला, तर पोटफुगी ठरलेलीच. म्हणून जुन्या ठिकाणचा कडबा आणि भरडा आठ-दहा दिवस पुरेल इतका सोबत आणावा आणि नवा चारा रोज थोडा थोडा मिसळत जावा. पाण्याची चव बदलल्यामुळे काही शेळ्या तोंड लावत नाहीत, त्यांच्या पाण्यात किंचित गूळ विरघळवावा. पोटात जुळी असलेल्या शेळीने शेवटच्या दोन महिन्यांत दिवसभर खाणे सोडले, तर तो गर्भविषबाधेचा, म्हणजे गाभणपणी शरीराला ऊर्जा कमी पडून होणाऱ्या आजाराचा, आरंभ असू शकतो. उस्मानाबादी शेळ्यांना जुळी होणे नित्याचेच, तेव्हा पशुवैद्यकाला बोलावण्यासाठी वाट पाहत बसू नये. कोवळी किंवा पाण्याचा ताण पडलेली ज्वारी चरू देऊ नये, किराळ लागते, म्हणजे ज्वारीतल्या विषाची बाधा होते. कुंपणालगतची कण्हेर आधीच काढून टाकावी.

तिथे आधीच्या शेळ्या असतील, तर नव्यांना तीन आठवडे वेगळे बांधावे. एकत्र केल्यावर टकरी होणारच, त्यामुळे एका लांब गव्हाणीऐवजी दोन-तीन छोट्या गव्हाणी अंतरावर ठेवाव्यात.

एखादी शेळी गाभडलीच, तर वार आणि गर्भाला उघड्या हातांनी शिवू नये, कारण सांसर्गिक गर्भपाताचा रोग माणसालाही होतो. शेळी त्वरित वेगळी करावी, कुत्र्यांना जवळ येऊ देऊ नये, नमुना तपासायचा का हे पशुवैद्यकास विचारावे आणि मगच चुना टाकून सारे खोल पुरावे.