एमजीबीच्या सस्पेन्शनचे अनोळखी भाग कसे ओळखायचे

अर्धवट खोललेली एमजीबी (एमजी या ब्रिटिश कंपनीची जुनी स्पोर्ट्स कार) विकत घेतली की तिच्याबरोबर बिनलेबलच्या भागांची एक पेटी येतेच. त्यातला एकेक भाग उचलून फोटोशी ताडून पाहण्यात फार वेळ जातो, आणि तरी चूक होते. ही गाडी १९६२ ते १९८० अशी सलग बनली. मूळ मांडणी शेवटपर्यंत तीच राहिल्यामुळे वेगवेगळ्या काळातले भाग दिसायला सारखे असतात, फरक असतो तो मापात. म्हणून आधी माप घ्यायचं, नाव नंतर द्यायचं.

गाडीची ओळख एका कागदावर लिहून घ्या: रोडस्टर (उघड्या छताची) की जीटी (बंद छताची), चाकं तारांची की पत्र्याची, बंपर क्रोमचा की रबरचा. रबर बंपर १९७४च्या शरद ऋतूपासून आला. अमेरिकी नियमांमुळे तेव्हा गाडीची उंचीही वाढवली. त्यासाठी पुढचा क्रॉसमेंबर (सस्पेन्शन ज्यावर बसतं तो आडवा भाग) बदलला आणि मागे जास्त कमानीचे पाटे (लीफ स्प्रिंग) दिले. पण पेटीतले भाग याच गाडीचे असतील असं धरून चालू नका. पन्नास वर्षांत भाग या गाडीचे त्या गाडीला लागलेले असतात.

धुण्याआधी प्रत्येक भागाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. मग रॉकेल आणि पितळी ब्रश वापरा. ग्राइंडरवरचा तारेचा ब्रश किंवा सँडब्लास्टिंग आत्ता नको, कारण घासल्याच्या खुणा त्यात पुसल्या जातात आणि बरीचशी माहिती त्या खुणांतच असते. बोल्टच्या मधोमध चकचकीत पट्टा आणि दोन्ही टोकांना गंज दिसला, तर मधला भाग बुशमध्ये (बोल्टभोवती बसणाऱ्या नळीत) होता. पट्टा एकाच बाजूला असेल तर भार कुठून येत होता तेही कळतं.

भागावर एएचएच किंवा बीएचएच या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असेल तर तो बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन, एमजीची तेव्हाची मालक कंपनी) काळातला पार्ट नंबर समजा आणि पार्ट्सच्या यादीत शोधा. ओतीव भागावर उठावात आलेला आकडा मात्र बहुतेक वेळा साच्याचा असतो. एकाच साच्यातून निघालेला भाग पुढे वेगवेगळा मशीन होऊ शकतो, तेव्हा त्या आकड्यावरून ऑर्डर देऊ नका.

शॉकअप ओळखणं सोपं आहे. आर्मस्ट्राँग कंपनीच्या लिव्हर शॉकअपला (बॉडीबाहेरच्या हाताने चालणाऱ्या) दोन हात असतील आणि बॉडीला चार बोल्टची भोकं असतील तर तो पुढचा. हे दोन हात वरच्या विशबोनचं (चाक धरून वरखाली हलणाऱ्या दांड्याचं) काम करतात आणि किंगपिनचं (चाक ज्याभोवती वळतं त्या उभ्या पिनचं) वरचं टोक त्यांच्यामध्ये बसतं. एकच हात, दोन भोकं आणि हाताच्या टोकाला रबरी बुशची लिंक असेल तर तो मागचा. पुढच्या शॉकअपमधला व्हॉल्व्ह काढलेला आढळला तर गोंधळू नका. टेलिस्कोपिक (नळीत नळी सरकणाऱ्या) शॉकअपचं किट बसवताना लिव्हर फक्त हात म्हणून ठेवतात. तपासताना बॉडी गाडीवर असते तशी उभी धरून हात पूर्ण वरखाली करा. आडवी धरली तर हवा आत जाते आणि चांगला शॉकअपही खराब वाटतो. मध्येच हात मोकळा पडत असेल तर तेल कमी आहे. शाफ्टजवळून तेल येत असेल तर बेअरिंग झिजलंय, नुसतं तेल भरून काही उपयोग नाही.

पेटीत खाचांची लांब सरळ सळई निघाली तर ती एमजीबीची नाहीच. ती १९६७ ते १९६९च्या एमजीसीची (एमजीबीच्याच घराण्यातल्या गाडीची) टॉर्शन बार, म्हणजे पिळली जाऊन स्प्रिंगचं काम करणारी सळई. त्या गाडीत पुढे कॉइल स्प्रिंग नव्हती.

खालच्या विशबोनच्या आतल्या टोकाला मूळचे रबरी बुश दोन अर्ध्या तुकड्यांचे असतात, गाडीला एकूण आठ अर्धे. एकाच तुकड्यातला, आत धातूची नळी चिकटवलेला बुश व्ही८चा (आठ सिलिंडरच्या एमजीबीचा). तो साध्या एमजीबीलाही बसतो आणि पुष्कळांनी बसवलेला आहे, त्यामुळे तो सापडला म्हणून विशबोन व्ही८चं ठरत नाही. अँटी-रोल बारचा (वळणावर गाडी कलंडू न देणाऱ्या सळईचा) व्यास रंग खरवडून मोजा. ९/१६ इंच म्हणजे १४.३ मिमी, ५/८ इंच म्हणजे १५.९ मिमी. नुसत्या डोळ्यांनी हा फरक कळत नाही.

कॉइल स्प्रिंगमध्ये सगळ्यात जास्त चुका होतात. रंगाच्या पट्ट्यांवर विसंबू नका. मोकळी लांबी, तारेचा व्यास, बाहेरचा व्यास आणि चालू वेटोळे, म्हणजे टोकाचे टेकलेले सोडून उरलेले, एवढं मोजा. मग स्प्रिंगचा दर, म्हणजे ती एक मिमी दाबायला लागणारा जोर, असा काढा: ७९,००० × तारेचा व्यास⁴ ÷ (८ × मध्यव्यास³ × चालू वेटोळे). मापं मिमीत घ्या, उत्तर न्यूटन प्रति मिमी येईल. बाहेरच्या व्यासातून तारेचा व्यास वजा केला की मध्यव्यास मिळतो. उदाहरणापुरते आकडे घेऊ: तार १३, बाहेरचा व्यास ११३, वेटोळे ६. दर येतो ४७, म्हणजे सुमारे २६८ पौंड प्रति इंच. आता रंगाच्या थरामुळे तार १३.५ भरली, तर तीच स्प्रिंग ५५.५ दाखवते, जवळजवळ १८ टक्के जास्त. म्हणून तार तीन ठिकाणी, पोलादापर्यंत खरवडून, व्हर्निअरने मोजा. दोन स्प्रिंगा शेजारी उभ्या करून लांबीत फरक दिसला तर ती जोडी धरू नका.

पाट्यांच्या बाबतीत पानं मोजा, मधल्या बोल्टपासून दोन्ही डोळ्यांचं (टोकांच्या गोल भोकांचं) अंतर घ्या आणि दोरी ताणून कमानीची खोली मोजा. पुढच्या डोळ्यात एकसंध बुश असतो, मागच्या शॅकलकडे (पाट्याचं टोक गाडीला जोडणाऱ्या हलत्या पट्टीकडे) अर्धे रबर. रबर बंपरचे पाटे क्रोम बंपरच्या गाडीला लावले की शेपटी वर उचललेली दिसते.

बोल्टचे आटे बहुतेक यूएनएफ (इंचाच्या मापाचे बारीक आटे) आहेत. ५/१६ इंचाचा बोल्ट ७.९४ मिमीचा, त्यामुळे तो एम८ (८ मिमीचा मेट्रिक बोल्ट) वाटतो आणि त्याच्या अर्ध्या इंचाच्या डोक्यावर १३चा पानाही चढतो. आटे मात्र इंचाला २४, एम८चे सुमारे २०. थ्रेड गेज लावा. जबरदस्तीने नट चढवला तर आटे जातात, आणि हे सस्पेन्शनचे बोल्ट आहेत.

शेवटी सगळं ग्रीस न लावता जुळवून पाहा. पुढे प्रत्येक बाजूला तीन ग्रीस निपल जागेवर दिसायला हवेत. व्ही८चे बुश असतील तर त्यांचे नट गाडी चाकांवर उभी करूनच घट्ट करा. लटकत्या सस्पेन्शनवर आवळले तर रबर पिळलेलं राहतं, गाडी उंच उभी राहते, आणि नीट ओळखलेली स्प्रिंग चुकीची ठरवून परत काढली जाते.