जुन्या स्पीकरचा हरवलेला बेस परत कसा आणायचा

जुन्या स्पीकरची तक्रार साधारण सारखीच असते. आवाज स्वच्छ येतो, शब्द कळतात, पण डग्ग्याची घुमक नुसती ‘टप’ अशी वाजते. मग क्रॉसओव्हर, म्हणजे जाड आणि बारीक स्वर वेगळे करणारं सर्किट, उघडला जातो, महागडे कपॅसिटर बदलले जातात, आणि बेस होता तिथेच राहतो. कारण बेस हा मुळात हवा ढकलण्याचा मामला आहे. कुजलेली कड, सरकलेली कॉइल (मॅग्नेटमध्ये हलणारं तारेचं वेटोळं) किंवा पेटीतली फट यांपैकी काहीतरी ती हवा वाया घालवत असतं. दुरुस्तीचा क्रम म्हणूनच ठरलेला आहे: आधी तपासणी, मग वूफरची (बेस वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरची) कड, मग पेटी, आणि क्रॉसओव्हर सर्वांत शेवटी.

उघडण्याआधी

दोन्ही स्पीकरच्या तारा एकाच बाजूने जोडल्या आहेत ना, हे आधी बघा. एकाचे प्लस-मायनस उलटे झाले असतील तर एक कोन (वूफरचा हलणारा शंकू) बाहेर येताना दुसरा आत जातो आणि खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. दीड व्होल्टचा सेल स्पीकरच्या टर्मिनलला क्षणभर टेकवा. सेलचं प्लस टोक लाल टर्मिनलला लागलं की वूफर सहसा बाहेर सरकतो. जुन्या जेबीएल वूफरची रीत उलटी आहे, तो आत जातो. दिशा कोणतीही असो, दोन्ही स्पीकरमध्ये ती सारखी हवी. या दोन मिनिटांच्या तपासणीत बऱ्याच तक्रारी मिटतात.

आता जाळी काढा आणि कोनभोवतीची वळीदार कड, म्हणजे सराउंड, नीट पाहा. ती तीन प्रकारची असते. फोमची कड हवेतल्या ओलाव्याने आतून विरते. पंधरा-वीस वर्षांत ती चिकट होते किंवा बोट लावताच तिचा चुरा पडतो, मग स्पीकर वापरात असो वा माळ्यावर. रबराची कड बरीच टिकते, फार तर कडक होते. कापडाची कड फाटत नाही, पण तिच्यावरचा लेप सुकला की ती गाळणीसारखी हवा सोडते आणि दिसायला मात्र ठणठणीत असते.

फोम फाटलेला असेल तर आवाज मोठा करून ‘अजून चालतोय का’ हे बघू नका. आधार गेलेला कोन तिरका हलतो, व्हॉइस कॉइल मॅग्नेटच्या फटीत घासते आणि तारेवरचं इनॅमल सोलून निघतं. तेवढ्यासाठी एक गाणंही पुरतं. कड बदलणं सोपं आहे, कॉइल बदलणं नाही.

मल्टिमीटरने वूफरचा रोध मोजा. 8 ओहमच्या वूफरला साधारण साडेपाच ते सात ओहम दिसायला हवेत. काहीच दिसत नसेल तर कॉइल किंवा कोनकडे जाणारी वेणीची तार तुटली आहे. नंतर दोन्ही हातांची बोटं कोनच्या मध्याभोवती समान पसरून तो हळूच चार-पाच मिलिमीटर आत दाबा. खरखर ऐकू आली तर कॉइल घासते आहे.

फोमची कड बदलणे

वूफर काढताना कोनवर पुठ्ठा ठेवा. मॅग्नेट स्क्रूड्रायव्हर खेचून घेतो आणि त्याचं टोक थेट कागदातून आरपार जातं. वरची बाजू कोणती, कोणती तार कुठल्या टर्मिनलला होती, आणि जुनी कड कोनच्या पुढून चिकटवली होती की मागून, हे लिहून ठेवा. यातलं शेवटचं सगळेच विसरतात.

नवी कड मागवताना ‘दहा इंची वूफर’ एवढं सांगून भागत नाही. तीन मापं घ्या: कोनचा व्यास, वळीची रुंदी आणि फ्रेमवर कड बसते तिथला बाहेरचा व्यास. कडेची आतली पट्टी सपाट आहे की कोनच्या उतारासारखी तिरपी, तेही पाहा. वळी एक-दोन मिलिमीटर अरुंद असली तरी कोन ताणून बसतो आणि त्याची हालचाल आखडते. फोमच्या जागी ‘कायमची टिकेल’ म्हणून रबर लावायचा मोह होतो. तो टाळा. रबर जड असतं, त्याचा ताठपणाही वेगळा असतो, म्हणजे वूफरची मूळ अनुनाद वारंवारता (ज्या स्वराला तो आपसूक सर्वांत जास्त हलतो) बदलते. पेटी मात्र जुन्याच वूफरसाठी बेतलेली असते.

आता साफसफाई. फ्रेमवरची पुठ्ठ्याची किंवा रबराची गोल पट्टी हेअर ड्रायरने कोमट करा आणि बोथट सुरीने उचला. ती परत लागेल. जुना फोम बोटांनी सोलून घ्या. उरलेला डिंक कापसावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसत जा. कागदी कोन भिजू देऊ नका. थिनर आणि अॅसिटोन वापरू नका, प्लॅस्टिकचे काही कोन त्यात विरघळतात. पडणारा चुरा कॉइलच्या फटीत गेला तर नवी कड लावूनही खरखर येईल, म्हणून वूफर थोडा कलता धरून मऊ ब्रशने झाडत राहा. काम या पायरीवरच रेंगाळतं आणि तसंच रेंगाळू द्यावं. डिंकाचा एखादा खडा राहिला तरी कड तिथे उचलली जाते.

यापुढचं काम या क्रमाने करा:

1. नवी कड कोरडीच ठेवून बघा. ती चारी बाजूंनी सारखी बसली पाहिजे.
2. कोन कागदाचा असेल तर पांढरा पीव्हीए गोंद चालतो. तो उशिरा वाळतो, त्यामुळे चूक सुधारायला वेळ मिळतो. पॉलिप्रॉपिलीनच्या कोनवर पीव्हीए धरत नाही, तिथे त्याच प्लॅस्टिकसाठी बनवलेला चिकट पदार्थ हवा.
3. आधी फक्त कोनची बाजू चिकटवा. दीड मिलिमीटर जाडीची गोंदाची रेघ पुरे. बोटाने गोल फिरत दाबत जा आणि रात्रभर वाळू द्या.
4. मग कॉइल मध्यावर आणा. खात्रीचा मार्ग म्हणजे मधली टोपी, अर्थात डस्ट कॅप, धारदार ब्लेडने कडेकडेने कापून बिजागरीसारखी एका बाजूला उलटवायची आणि कॉइलच्या नळीत, मधल्या लोखंडी खांबाभोवती, पातळ प्लॅस्टिकच्या चार ते आठ पट्ट्या समान अंतरावर सरकवायच्या. जुनी एक्स-रे फिल्म कामी येते. पट्ट्या बोटाने सहज सरकाव्यात आणि तरी कॉइल डुलू नये, इतपत जाडी हवी.
5. फ्रेमच्या बाजूला गोंद लावा, कड बसवा, गोल पट्टी तिच्या जागी ठेवून कपड्यांच्या चिमट्यांनी दाबा. चोवीस तास हात लावू नका.
6. पट्ट्या काढा, कोन दाबून खरखर तपासा, आणि मगच टोपी चिकटवा.

टोपी कापायची नसेल तर दुसरा मार्ग आहे. फ्रेमवरचा गोंद ओला असतानाच वूफरला अगदी हळू आवाजात 25 ते 30 हर्ट्झचा स्वर द्या. कोन हलताना दिसतो. घासण्याचा आवाज आला तर कडेची बाहेरची पट्टी अर्धा-अर्धा मिलिमीटर सरकवा. आवाज बंद झाला की ती जागा पक्की. दहा-पंधरा मिनिटांत हे उरकावं लागतं, म्हणून पहिल्याच वूफरवर पट्ट्यांची पद्धत बरी.

काही वूफरच्या टोपीचं कापड मुद्दाम सच्छिद्र असतं, कॉइलमागची हवा तिथून ये-जा करते. त्याजागी घट्ट प्लॅस्टिकची टोपी लावू नका, त्यावर रंगही फासू नका.

कापडी कड आणि लोंबलेला कोन

कापडी कड बदलायची नसते, तिला पुन्हा लेप द्यायचा असतो. खास याच कामासाठी मिळणारं, वाळल्यावरही लवचीक राहणारं द्रव वापरा. एकच पातळ हात फिरवा, एक दिवस थांबा, तपासा, गरज असेल तरच दुसरा. जाड थराने वजन वाढतं आणि आवाज मंदावतो. सिलिकॉन सीलंट तर नकोच. एकदा ते लागलं की त्यावर पुढे काहीच चिकटत नाही.

कडेमागे कोनला धरणारी सुरकुत्यांची चकती असते, तिला स्पायडर म्हणतात. जड वूफर वर्षानुवर्षं उभा राहिला की स्पायडर खाली झुकतो आणि कॉइल फटीत एका बाजूला लागते. दोष थोडा असेल तर वूफर 180 अंश फिरवून बसवा, गुरुत्वाकर्षण स्वतःच दुरुस्ती करतं. स्पायडरचा डिंक फ्रेमपासून सुटला असेल तर मात्र तो आधी चिकटवा. नवी कड ती चूक झाकू शकत नाही.

पेटीची गळती

सीलबंद पेटीतली हवा हीच वूफरची खरी स्प्रिंग असते. एडगर विल्चर यांच्या एआर-1 या स्पीकरने 1954 मध्ये ही कल्पना बाजारात आणली. मऊ कडेचा वूफर आणि त्यामागे बंद हवा, यामुळे छोट्या पेटीतून खोल बेस मिळाला. हवा गळाली की ती स्प्रिंग संपते.

वूफर बसवल्यावर कोन सावकाश दाबा. चांगल्या पेटीत हवेच्या उशीसारखा विरोध जाणवतो. दोन-तीन सेकंद दाबून धरा आणि सोडा, कोन सावकाश परतला पाहिजे. विरोधच जाणवला नाही आणि कोन टचकन मागे आला, तर कुठेतरी भोक आहे. पोर्ट (हवा ये-जा करायची नळी) असलेल्या पेटीत हीच चाचणी पोर्टवर तळहात घट्ट दाबून करा.

भोक शोधायला 40 हर्ट्झचा स्वर मध्यम आवाजात लावा, फूटभर रबरी नळीचं एक टोक कानाशी धरा आणि दुसरं सांध्यांवरून फिरवा. गळतीच्या जागी फुसफुस स्पष्ट ऐकू येते. संशयित ठरलेलेच: वूफरच्या फ्रेममागची सुकलेली गास्केट, मागचे टर्मिनल, आवाज कमी-जास्त करण्याच्या बटणाचं भोक, आणि आतले कोपरे. गास्केटच्या जागी बंद पेशींच्या फोमची पट्टी लावा. उघड्या पेशींचा स्पंज हवा अडवत नाही. स्क्रू समोरासमोर आळीपाळीने आवळा, पण फार जोर नको. जुन्या पार्टिकल बोर्डमध्ये आटे लगेच झडतात. झडलेच, तर भोकात लाकडी काडी गोंदासह घालून वाळू द्या आणि पुन्हा स्क्रू लावा.

पेटीत भरलेला काचलोकर किंवा कापूस काढून टाकू नका. सीलबंद पेटीत तो हवा ‘मऊ’ करतो, म्हणजे पेटी आहे त्यापेक्षा मोठी भासते. तो कुजला असेल तर वजन करून तितकाच नवा भरा. मूळ वजन कळत नसेल तर पॉलिस्टर फायबर लिटरमागे 8 ते 16 ग्रॅम, या पट्ट्यात सुरुवात करा. काचलोकर हाताळताना हातमोजे आणि मास्क हवेत. पोर्टच्या पेटीत अस्तर फक्त भिंतींना, पोर्टच्या तोंडापुढे काही नको. पोर्टची लांबीही तशीच ठेवा. ती वाढवली तर पेटीचा स्वर खाली उतरतो खरा, पण वूफर त्याला साथ देईलच असं नाही. समोर आणखी एक बिनकॉइलचा कोन असेल तर त्याचीही कड बदला. तो ड्रायव्हर नाही म्हणून राहून जातो, आणि बेस तिथूनच गळतो.

क्रॉसओव्हरबद्दल थोडंसं

कपॅसिटर बदलल्याने ट्वीटर (बारीक स्वरांचा छोटा स्पीकर) सुधारेल, बेस क्वचितच. वूफरच्या बेसवर खरा परिणाम करते ती क्रॉसओव्हरमधली, त्याच्या वाटेतली कॉइल. ती बदलावी लागलीच तर रोध मूळ कॉइलइतकाच ठेवा. 6 ओहमच्या वूफरच्या वाटेत अर्धा ओहम वाढला की अँप्लिफायरचा कोनवरचा लगाम साधारण 8 टक्के ढिला पडतो आणि बेस घट्ट न राहता घुमतो. बारीक तारेची लांबलचक स्पीकर वायरही हेच करते.

शेवटची मोजणी

वूफर पेटीबाहेर असताना अँप्लिफायर आणि वूफर यांच्यामध्ये सिरीजमध्ये 100 ओहमचा, 5 वॅटचा रेझिस्टर लावा. मोबाइलवरून दिलेला स्वर 15 ते 100 हर्ट्झ असा हळूहळू फिरवा आणि वूफरच्या टोकांवरचा एसी व्होल्टेज पाहा. तो जिथे सर्वांत जास्त, ती त्याची अनुनाद वारंवारता. नवा फोम सुरुवातीला ताठ असतो, त्यामुळे आकडा थोडा वर येतो. मध्यम आवाजात काही तास वाजवल्यावर तो खाली बसतो. दोन्ही वूफरचे आकडे एकमेकांच्या 10 टक्क्यांच्या आत असले की काम जमलं. फरक मोठा असेल तर एकाची वळी ताणलेली आहे किंवा गोंद वळीवर पसरून वाळला आहे.

त्यानंतर टोन कंट्रोल सरळ मध्यावर ठेवून ऐका. पोर्टच्या पेटीत, पोर्टच्या स्वराच्या खाली कोनला हवेचा आधार उरत नाही. तिथे इक्वलायझरने बेस चढवला तर आवाज वाढत नाही, कोन मात्र आपटेपर्यंत हलतो, आणि नव्या कडेच्या सांध्यावर पहिला ताण तोच पडतो.