जुन्या गाडीचा टेंपरेचर मीटर खोटं दाखवतोय का, हे कसं तपासावं

काटा लाल पट्ट्यात गेला की कुणीतरी हमखास सांगतं, "सेंडर बदला." सेंडर म्हणजे इंजिनावर बसवलेला, तापमान मीटरला कळवणारा भाग. सेंडर बदलतो, काटा तिथेच. मग मीटर बदलतो, तरी काटा तिथेच. भाग बदलत राहणं म्हणजे दोष शोधणं नव्हे. शेजारचा पेट्रोलचा काटा काय करतोय एवढं पाहिलं, तरी निम्मं निदान होतं.

हे सगळं १९६० च्या दशकाच्या मध्यापासूनच्या ब्रिटिश गाड्यांबद्दल आहे. मिनी, ट्रायम्फ स्पिटफायर आणि त्यांची भावंडं, ज्यांत स्मिथ्स कंपनीचे सावकाश चढणारे मीटर असतात. इग्निशन चालू केल्यावर पेट्रोलचा काटा हळूहळू वर गेला, तर तुमची गाडी यातली. टुणकन उडी मारली, तर मीटर जुन्या पद्धतीचा आहे आणि पुढचा स्टॅबिलायझरचा (मीटरना ठरावीक व्होल्टेज देणाऱ्या डबीचा) भाग तुमच्यासाठी नाही. टेंपरेचर मीटरमागून वायरऐवजी बारीक धातूची नळी इंजिनापर्यंत गेली असेल, तर तिला वाकवू नका, कापू तर मुळीच नका. आतला ईथर गेला की मीटर जाणकाराकडेच पाठवावा लागतो.

आधी इंजिन खरंच तापलंय का ते बघा. थर्मोस्टॅटच्या (इंजिनातून रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणाऱ्या-सोडणाऱ्या झडपेच्या) झाकणाजवळ इन्फ्रारेड थर्मामीटर धरा. चकचकीत अॅल्युमिनियमवर तो कमी तापमान दाखवतो, म्हणून तिथे काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरा. पाणी खरंच उकळत असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि गाडी बंद करा. इंजिन गार झाल्यावर कूलंटची पातळीही बघा. पातळी खाली गेली की सेंडर हवेत उघडा पडतो, आणि इंजिन भाजत असताना काटा गार दाखवतो. गरम रेडिएटरचं झाकण मात्र उघडायचं नाही, घाई असली तरी नाही.

आता सेंडरची हिरवी-निळी वायर काढा आणि इग्निशन चालू करा. काटा थंडकडे उतरायला हवा. नाही उतरला तर ती वायर वाटेत कुठेतरी बॉडीला घासून अर्थ होतेय, म्हणजे तिच्यातली वीज थेट बॉडीत जातेय.

यापुढे बरेच जण तीच वायर इंजिनाला टेकवून "काटा चढला, मीटर चांगला" असं ठरवतात. मला ही पद्धत मान्य नाही. स्टॅबिलायझर आधीच बिघडलेला असेल तर मीटरच्या नाजूक गुंडाळीवर बॅटरीचं पूर्ण व्होल्टेज येतं. वायर आणि इंजिन यांच्यामध्ये ६८ ओहमचा रेझिस्टर लावा. अर्ध्याएक मिनिटात काटा साधारण मध्यावर आला पाहिजे. तसा आला तर मीटर, वायर आणि स्टॅबिलायझर तिन्ही ठीक आहेत, दोष सेंडरचा.

काटा मध्याच्या बराच वर किंवा खाली राहिला तर खरं काम सुरू होतं, आणि याच टप्प्यावर मी पूर्वी फार अडलो होतो. टेंपरेचर आणि पेट्रोल या दोन्ही मीटरना एकाच व्होल्टेज स्टॅबिलायझरकडून वीज मिळते. अंगठ्याएवढी पत्र्याची डबी. मिनीत ती स्पीडोमीटरच्या पाठीवर स्क्रूने बसवलेली असते, इतर गाड्यांत डॅशमागे शोधावी लागते. आत तारेने गुंडाळलेली द्विधातूची पट्टी असते. तापली की वाकते आणि संपर्क तुटतो, गार झाली की पुन्हा जुळतो. या चालू-बंदची सरासरी १० व्होल्टच्या बरोबरीची पडते. म्हणून दोन्ही काटे एकाच बाजूला चुकत असतील तर सेंडरकडे वळूच नका.

दोन्ही काटे चढे असतील तर बहुतेक वेळा डबीची अर्थ (बॉडीशी असलेली विजेची जोडणी) गेलेली असते. पट्टी तापवणारा प्रवाह डबीच्या पत्र्यातून बॉडीला जातो. तो तुटला की पट्टी तापत नाही, संपर्क कायम जुळलेला राहतो आणि मीटरना थेट १२-१४ व्होल्ट मिळतात. गाडी नव्याने रंगवली की हे हमखास होतं, कारण स्क्रूखाली रंगाचा थर बसतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत गंजही तेच करतो. डबीच्या पत्र्यापासून बॉडीच्या खरवडून चकचकीत केलेल्या जागेपर्यंत तात्पुरती वायर लावा. मिनिटभरात दोन्ही काटे उतरले तर दोष सापडला. दोन्ही काटे शून्यावरच असतील तर आधी फ्यूज बघा, मग डबी.

डिजिटल मल्टिमीटरवर १० व्होल्ट शोधत बसू नका. चालू-बंद होणाऱ्या विजेवर आकडे उड्या मारतात आणि चांगली डबीही खराब वाटते. डबीचं 'आय' टर्मिनल (जिथून मीटरना वीज जाते) आणि बॉडी यांच्यामध्ये डॅशमधला २.२ वॅटचा छोटा बल्ब लावा. थोडा वेळ सलग पेटून मग तो लुकलुकला पाहिजे. पेटलाच नाही, पण 'बी' टर्मिनलला (जिथे बॅटरीची वीज येते) वीज पोचतेय, तर डबी संपली. सलगच पेटून राहिला आणि अर्थ पक्की असेल, तरीही संपलीच. जुनी डबी परत बसवताना 'टॉप' लिहिलेली बाजू वर ठेवा. आडवी बसवली तर ती चुकीचं व्होल्टेज देते.

बदली म्हणून मी ७८१० हा तीन पायांचा रेग्युलेटर वापरतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळतो. त्याची धातूची पाठ आतून मधल्या, अर्थच्या पायाला जोडलेली असते, त्यामुळे बॉडीला कसून स्क्रू केला की अर्थही होते. तो फक्त निगेटिव्ह अर्थच्या गाडीसाठी, म्हणजे जिथे बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत तो अजिबात लावायचा नाही. डॅशमागे हात घालण्याआधी बॅटरी काढा.

दोष सेंडरचा निघाला तर नवा बसवताना आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. सेंडरची अर्थ आट्यांतूनच होते. एवढं करूनही थर्मामीटर ८५ अंश दाखवतोय आणि काटा मात्र नेहमी थोडा चढाच राहतोय, तर केवळ आटे जुळतात म्हणून कुणीतरी दुसऱ्याच गाडीचा सेंडर बसवलेला आहे. आपल्या मॉडेलचा पार्ट नंबर पाहूनच दुसरा घ्या.